‘पोट्टे पुस्तकाले हातच लावत नाहीत’

पत्र:

नमस्कार मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. शाळा पहिली ते सातवी, पट ७१. इथं येऊन दोन वर्षं झाली. ऑफिसात पुस्तकांची दोन लोखंडी कपाटं आहेत, रजिस्टरवर ८३४ पुस्तकं, चावी एचएम (मुख्याध्यापक) सरांकडे. मी हौसेनं दर शनिवारी वाचनाचा तास सुरू केला, प्रत्येकानं एक पुस्तक घ्यायचं आणि दहा ओळींचा सारांश लिहून दाखवायचा. पहिले दोन शनिवार पोट्टे एकदम खुश होते. आता काही जण शनिवारी येतच नाहीत, कोणी दुसऱ्याच्या वहीतून सारांश उतरवते, पुस्तक तसंच बंद. अर्धे पोट्टे जोडाक्षर आलं की अडकतात. बरेच घरी कोलामी नाहीतर गोरमाटी बोलतात. पालक म्हणतात, अवांतर वाचून काय होते मॅडम, नवोदयचं करून घ्या. त्यातच एक पुस्तक हरवलं, तेव्हापासून सर म्हणतात घरी द्यायचं नाही, ऑडिटला उत्तर मी देऊ का. गावात वाचनालय नाही, मोबाईल मात्र घरोघरी. एक सहकारी म्हणाले, पोट्टे पुस्तकाले हातच लावत नाहीत, तुम्ही उगीच जीव काढून राहिल्या. माझंच काही चुकते का?
– एक शिक्षिका

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी थांबले. पहिले दोन शनिवार पोट्टे खुश होते असं तुम्ही लिहिलंय. मग हात लावत नाहीत हे कसं? लावला ना त्यांनी हात, दोन शनिवार लावला आणि मग सोडला. तर दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारच्या मधात काय झालं तेवढंच आपल्याला शोधायचंय, आणि मला वाटते ते तुम्हीच पत्रात लिहून टाकलंय, दहा ओळींचा सारांश.

रागावू नका. तुमचा हेतू मला कळते, पोरानं खरंच वाचलं का नाही हे कळावं, लिहायची सवय लागावी, आणि उद्या केंद्रप्रमुख आले तर दाखवायला काहीतरी हातात असावं. पण सातवीतल्या पोराच्या बाजूनं बघा. ज्याला वाचतानाच घाम फुटते त्याला तुम्ही वाचायचं बक्षीस म्हणून लिहायला देऊन राहिल्या. त्याच्यासाठी तो अजून एक स्वाध्याय झाला, आणि स्वाध्याय उतरवायचा असतो हे त्याला पहिलीपासून माहीत आहे. गावात सप्ता बसते, श्रावणात पोथी लागते, तिथून घरी जाताना कोणी कोणाला दहा ओळी लिहून मागत नाही, तरी दुसऱ्या दिवशी पारावर आणि विहिरीवर तेच बोलणं चालते, महाराज काय म्हणाले, ते सोंग कसं आणलं. सांगावंसं वाटलं की माणूस आपणच सांगते.

मी ३१ वर्षं झेडपीत नोकरी केली. त्यातली पहिली सहा वर्षं पुस्तकांचा चार्ज माझ्याकडे होता आणि तो मी इतका चोख सांभाळला की बदलीच्या वेळी चार्ज देताना रजिस्टरवर ४१२ आणि कपाटात ४१२, एक पुस्तक कमी नाही, एक पान फाटलेलं नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. मी पण खुश होते. मग नवीन शाळेत गेल्यावर एक दिवस तिथल्या मुलांना एक गोष्ट सांगत होते आणि एकदम लक्षात आलं की ही गोष्ट ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक सहा वर्षं माझ्या कपाटात होतं आणि मी ते एकाही पोराला दिलं नव्हतं. सहा वर्षांत पहिलीचं पोट्टं सातवीत जाते. म्हणजे एक पूर्ण पिढी माझ्या हाताखालून गेली आणि मी काय राखलं तर ४१२. ती गोष्ट आजही आठवली की मला झोप लागत नाही, म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहून राहिले.

माझं म्हणणं एकच आहे. पोरांकडून पुस्तकाचा हिशोब मागणं सोडा. वाचल्याचा हिशोब, म्हणजे तो सारांश, तोही सोडा आणि पुस्तक गेलं-फाटलं याचा हिशोबही पोरांच्या डोक्यावर ठेवू नका. हे दोन गेले की बाकीचं बरंच आपोआप सुटते. आता कसं ते सांगते.

आधी सारांश बंद करा आणि बंद केला हे पोरांना सांगा, मोठ्यानं, सगळ्या वर्गाला. त्याच्या जागी तुम्ही वाचा. शनिवारी नाही, रोज, पंधरा मिनिटं, खिचडीच्या सुट्टीनंतर लगेच, तेव्हा तसंही पोरं सुस्तावलेली असतात आणि गणित डोक्यात शिरत नाही. चांगली लांब गोष्ट घ्या, आठ-दहा दिवस पुरेल अशी. वाचताना मधात थांबून शब्दार्थ सांगत बसू नका, यातून आपण काय शिकलो हे तर अजिबातच विचारू नका. ज्या ठिकाणी पोट्टे पुढं सरकून बसतात त्याच ठिकाणी पुस्तक मिटायचं, खूण घालायची आणि ते टेबलावर उघड ठेवून बाहेर जायचं. बघा कोण उघडते. पहिल्या दिवशी कोणी उघडणार नाही, चौथ्या दिवशी कोणीतरी पुढचं पान चोरून वाचून आलेलं असते आणि दुसऱ्याच्या कानात सांगत असते. त्याला पकडू नका!

आपल्याकडं वाचणं असंच चालत आलंय, वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जणांना अक्षरओळख नाही, पण ग्रामगीतेच्या ओव्या तोंडपाठ असतात, ऐकून ऐकून. ते शाळेत आणायचं म्हणजे काही परदेशी फॅड नाही, आपलीच रीत आहे.

आता भाषेचं. कोलामी आणि गोरमाटी बोलणाऱ्या पोरांना छापलेली मराठी म्हणजे अर्धी परकी, अन् वऱ्हाडी बोलणाऱ्यालाही ती पूर्ण आपली नसते. पुस्तकात ‘शेत’ असते, पोरगं ‘वावर’ म्हणते, पुस्तकात ‘का’ अन् घरी ‘काहून’. मोठ्यानं वाचताना छापील शब्द वाचा आणि लगेच तिथल्या तिथं घरचा शब्द बोलून टाका, थांबायचं नाही, समजावायचं नाही, नुसतं कानावरून जाऊ द्यायचं. आणि पोरगं गोष्ट परत सांगायला उभं राहिलं अन् म्हणालं "मंग त्यो म्हनते, मले न्यायचं नाही त तूच जाय", तर ‘शुद्ध बोल’ म्हणू नका हो, कृपा करा. त्याला गोष्ट सांगायची हुक्की आली हीच तर आपल्याला हवी होती. एखादी कोलामी बोलणारी पोरगी आपल्या भाषेत सांगू लागली तर दुसऱ्या कोलामी पोरीला मराठीत सांगायला लावा, दोघी मिळून सांगतील.

यातूनच अजून एक गोष्ट करता येते, माझ्या शाळेत सगळ्यात जास्त चाललेली. पोरांना घरच्या आजीकडून एक गोष्ट नाहीतर गाणं ऐकून यायला सांगा, भुलाबाईची गाणी तर आपल्याकडं पोरींना येतातच, तान्ह्या पोळ्याच्या झडत्या असतात, तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना येणारी गाणी असतात, कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या गोष्टी असतात. ते मोठ्या अक्षरात लिहायचं, चित्रं काढायची, चार वह्यांचे कागद दोऱ्यानं शिवायचे, पुठ्ठा लावायचा. आणि हे महत्त्वाचं, त्या पुस्तकाला दाखल नोंदवहीत नंबर द्यायचा. ८३५. लेखक म्हणून पोराचं अन् आजीचं नाव. त्या दिवशी पोराच्या चेहऱ्यावर जे दिसते ना ते मला लिहिता येणार नाही. ती पुस्तकं इतकी फिरली की दोनदा नवीन उतरवून काढावी लागली. आणि ज्या घरातून ‘अवांतर वाचून काय होते’ असं येते त्याच घरातली आजी शाळेत येऊन विचारते, माहं पुस्तक कोठी हाय.

जोडाक्षरावर अडकणाऱ्या पोरांचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि ते घाईत सुटत नाही. सातवीतल्या मोठ्या पोराला पहिलीचं पातळ चित्राचं पुस्तक दिलं की त्याला लाज वाटते, बाकीचे हसतात, तो पुस्तक ढकलून देते. पण त्याला असं सांगून बघा की उद्या तुला पहिलीतल्या तीन पोरांना हे पुस्तक वाचून दाखवायचंय, तयारी करून ये. आता त्याच पातळ पुस्तकाला मान आला. तो ते घरी चार वेळा वाचेल, अडलेला शब्द गुपचूप तुम्हाला येऊन विचारेल, कारण लहान्यांसमोर अडकायचं नाही त्याला. आणि पहिलीचं पोट्टं तर तोंड उघडं टाकून ऐकते, मोठा दादा आपल्याला गोष्ट वाचून दाखवून राहिला म्हणून. मी एक पोरगा असा पाहिला, सहावीत होता, परिच्छेद दिला की डोळ्यात पाणी यायचं त्याच्या. दिवाळीनंतर दोन महिने रोज दहा मिनिटं पहिलीच्या वर्गात वाचायला पाठवला. मार्चमधी तो पेपर वाचत होता, हळूहळू, बोट ठेवून, पण वाचत होता. मी त्याला वेगळं काहीच शिकवलं नव्हतं.

सोपी पुस्तकं कपाटात नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पातळीनुसार लावलेल्या, डाउनलोड करून छापता येतात. आणि बालभारतीच्या किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर मोफत ठेवलेत. घरोघरी मोबाईल आहे म्हणता ना, तर त्याच मोबाईलवर पालकांच्या ग्रुपात आठवड्याला एक गोष्ट टाका. मोबाईल काढून घेता येत नाही आपल्याला, त्यात चार पानं घालता येतात.

आता चावी. इथं मला तुमच्या एचएम सरांची बाजूही घ्यायचीय, कारण मी त्या खुर्चीच्या शेजारी बसलेली आहे. कागदावर जी वस्तू आहे ती जागेवर पाहिजे ही भीती खोटी नाही, रिटायरमेंटच्या वेळी सतरंजीपासून घंटीपर्यंत सगळं मोजून द्यावं लागते, त्यात पुस्तकंही आली. म्हणून सरांशी भांडू नका. त्यांचं ओझं कमी करा म्हणजे चावी आपोआप तुमच्याकडं येईल.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट आहे, २००९ चा कायदा, प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसकट सगळ्या विषयांची पुस्तकं. गोष्टींची पुस्तकं हे त्यात शब्दात लिहिलेलं आहे. म्हणजे पोरांनी गोष्टी वाचणं हे अवांतर नाहीच, कायद्यानं शाळेचं काम आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी अनुदानाची तरतूदही आहे, शाळेच्या इयत्तांप्रमाणे ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत.

आणि हरवण्याबद्दल तर केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत (२०१७ चे) चक्क असं लिहिलंय की वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी समजावं, कोणाचा अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसला म्हणजे झालं. तो नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहे, आपल्या झेडपीच्या शाळेला तसाच्या तसा लागत नाही, पण दिल्लीतल्या हिशोबवाल्यांनाही कळलेलं आहे की पुस्तक वापरलं तर काही जाणारच. तुमच्या शाळेचं गणित करून बघा, ७१ पोरांनी आठवड्याला एक पुस्तक नेलं, वर्षाचे ३० आठवडे धरले, तर २१३० वेळा पुस्तक बाहेर गेलं. त्या मापानं दहा पुस्तकं गेली तरी चालून गेलं असतं. तुमचं एक गेलं. हे आकडे कागदावर मांडून सरांपुढं ठेवा, तोंडी बोलू नका, एचएम लोकांना कागद लवकर पटते.

मग शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विषय घ्या. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया, हे कायद्यातच आहे. तिथं ठराव करा की पुस्तकं पोरांना घरी दिली जातील, फाटलं-हरवलं तर पोरांकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि दरवर्षी मार्चमध्ये पुस्तकांची मोजणी समितीसमोर होईल. खराब झालेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचं, म्हणजे ती रजिस्टरमधून कमी करायचं काय करायचं ते केंद्रप्रमुखांना आधीच विचारून घ्या. ठराव झाला की जबाबदारी एकट्या सरांची राहत नाही आणि तेच तर त्यांना पाहिजे असते. चार्ज तुमच्या नावानं लेखी मागा. घाबरू नका. मी सांगते, मला सहा वर्षं एकही पुस्तक न हरवल्याचं जेवढं दुःख झालं तेवढं नंतर पंचवीस वर्षांत हरवलेल्या पुस्तकांचं कधी झालं नाही.

आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे रंगनाथन हे मूळचे गणिताचे मास्तर, १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. त्यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र इतकं साधं आहे की वाचून वाटते यात काय विशेष, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, बस. पण आपल्या शाळांमधली कपाटं बघितली की कळते की हे पहिल्या नंबरवर काहून लिहावं लागलं.

कपाट उघडल्यावर सगळी ८३४ एकदम वापरायला काढू नका, गोंधळ होईल. त्यातली बरीच पोरांच्या कामाची नसतीलही, जाडी चरित्रं, बारीक टाईप, कधीतरी योजनेत आलेले गठ्ठे. सहावी-सातवीच्या पोरांनाच निवडायला बसवा, दोन तास, जमिनीवर सगळं पसरून, ज्याला जे उघडून बघावंसं वाटलं ते एका बाजूला. शंभरेक निघतील. त्या निवडण्यातच दोन तासांत पोरं इतकं वाचून टाकतात की तुम्ही बघत राहाल. ती शंभर पुस्तकं वऱ्हांड्यात पोरांच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधून कपडे वाळवायच्या चिमट्यांनी लटकवा, मुखपृष्ठ पुढं करून. पोरगं पुस्तक चित्र पाहून उचलते, कपाटात नुसत्या पाठी दिसतात, त्या पाहून कोणी काय ओळखणार. पावसाळ्यात झड आत येत असेल तर वर्गात बांधा. रोज सकाळी लावायचं, सुट्टी झाली की काढायचं, हे काम दोन पोरांकडं द्या, दर आठवड्याला बदलून, आणि देवघेवीचं रजिस्टरही त्यांच्याच हातात. नाव, पुस्तकाचा नंबर, तारीख, एवढंच. ज्याला काहीच येत नाही असं सगळे म्हणतात त्यालाच पहिल्यांदा हे काम द्या, त्याला रोज पन्नास नावं वाचावी-लिहावी लागतील.

फाटलेल्या पुस्तकाला सेलोटेप लावू नका, वर्षभरात पिवळी पडते, चिकटा निघते आणि कागद सोबत घेऊन जाते. पातळ कागदाची पट्टी आणि थोडा फेविकॉल बरा. पाठ सुटली तर सुती कापडाची पट्टी. आणि कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर आजच पुढं ओढा, पायाखाली विटा घाला, उधई (वाळवी) भिंतीतून येते आणि आतून पोखरून टाकते, बाहेरून कळतही नाही. मी एका शाळेत दार उघडलं तर वरून पुस्तक, आत नुसती माती! कुलूप मात्र शाबूत होतं.

पालकांशी वाद घालायचा नाही. नवोदयचं करून घ्या म्हणतात ना, तर हो म्हणा, आणि त्यांना सांगा की पाचवीतली पोरं सहावीच्या प्रवेशासाठी देतात त्या नवोदय परीक्षेत १०० पैकी २५ मार्क भाषेचे असतात, आणि भाषेत काय विचारतात तर उतारे, चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. पूर्वी कधी न वाचलेला उतारा भराभर वाचून समजला पाहिजे, तो कोणत्याही गाईडमध्ये पाठ करता येत नाही. शिवाय गणिताचं शाब्दिक उदाहरणही आधी वाचताच यावं लागते. हे पालकांना लगेच पटते, मला तर दर वेळी पटलेलं दिसलं. मी स्वतः केवळ मार्कांसाठी वाचा असं पोरांना कधीच म्हणत नाही, पण बापाला जे नाणं ओळखू येते त्याच नाण्यात त्याच्याशी बोलावं लागते, त्याचीही रात्रंदिवस काळजी हीच आहे की पोरगं माझ्यासारखं वावरात राबू नये.

आणि वावरावरून आठवलं. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला येते, मग कापसाची वेचणी, पोट्टे आठ-आठ दिवस शाळेत नसतात, काही घरं तर दिवाळीनंतर बाहेरगावी कामाला जातात. त्या पोरांवर हजेरीची लाल रेघ ओढण्यापेक्षा जायच्या आधी दोन पुस्तकं त्यांच्या पिशवीत घाला. राखणीला मचाणावर बसलेलं पोरगं दिवसभर माकडं अन् रोही (नीलगायी) हाकते, मधल्या वेळात त्याच्याकडं वेळच वेळ असतो. पुस्तकाला कापसाची रुई लागून येईल, चहाचा डाग पडेल. पडू द्या.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र उन्हाळ्याची आहे. आपल्या विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, जूनच्या शेवटी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, दुपारी बारा ते पाच पोट्ट्याला माय घराबाहेर पडू देत नाही, बाहेर झांजवा सुटलेला आणि आत हातात मोबाईल. वर्षभरात पोराला वाचायला सगळ्यात जास्त वेळ असते ते हेच दिवस आणि नेमकी तेव्हाच आपण पुस्तकं कुलपात घालतो. कोणासाठी राखतो? एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक पोराला पाच पुस्तकं द्या, त्यानं निवडलेली. ७१ गुणिले पाच म्हणजे ३५५. हरवलेलं एक सोडलं तरी कपाटात ४७८ उरतातच, म्हणजे सरांनाही धाकधूक नको. पोरं आपसात अदलाबदल करतील, शेजारच्या गावी मामाकडं जाताना घेऊन जातील, तिथल्या पोरांना दाखवतील. शाळा उघडल्यावर परत आणायची. मी हे तेरा उन्हाळे केलं. दर वर्षी चार-सहा यायची राहायची, त्यातली निम्मी पोळ्यापर्यंत कुठूनतरी यायची.

गावात वाचनालय नाही म्हणता, पण तालुक्याला नाहीतर जवळच्या मोठ्या गावाला शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असेल, १९६७ च्या कायद्याखालची अ, ब, क, ड वर्गातली. एखाद्या बाजाराच्या दिवशी जाऊन भेटा, शाळेच्या नावानं महिन्याला पन्नास पुस्तकं फिरती देता का विचारा. तिथल्या लोकांना पोरं हवीच असतात, विचारायला कोणी जात नाही. १५ ऑक्टोबर, कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, त्या दिवशी फोटो काढून ग्रुपवर टाकायचे असतातच, टाका, पण त्याच दिवशी समितीच्या लोकांच्या हातून पोरांना पुस्तकं घरी न्यायला द्या म्हणजे फोटोत खरं काहीतरी येईल.

सुरुवात कुठून असं विचाराल तर या सोमवारी खिचडीनंतर पंधरा मिनिटं, एक पुस्तक, तुमचा आवाज. ठराव-बिराव होईल तेव्हा होईल. महिनाभर पोरांकडून काही मागू नका, काही विचारू नका, तुम्हालाच करमणार नाही पण कळ काढा.

आणि एक राहिलं. हरवलेलं पुस्तक कोणतं होतं ते तुम्ही लिहिलंच नाही. ८३४ पुस्तकांतून तेवढंच एक कोणालातरी परत द्यावंसं वाटलं नाही. रजिस्टरमध्ये त्याचं नाव शोधा, या वर्षीच्या अनुदानातून त्याच्या दोन प्रती मागवा, आणि ज्यानं नेलं होतं त्या पोराला त्यातली एक पुन्हा घरी न्यायला द्या. मग काय झालं ते मला नक्की कळवा.